काट्यापुढं बसवलेली मनिषा

मी मष्णू. निपाणीत जुन्या हायवेला माझं दुकान हाय, गाड्यांच्या वायरिंगचं. लोक तोंडावर मला मष्णू वायरमन म्हणत्यात आणि माघारी तोंडाळ मष्णू म्हणत्यात. दोन्ही खरं हाय. पण आज माझं न्हाय सांगायचं. आज सांगायचंय मनिषाचं, बोरगावच्या नागोजीच्या बायकोचं. पोर मूळची बेळगावातल्या शहापूरची. कापडाच्या मागाच्या खडखडाटात जन्मली आणि त्याच खडखडाटात लहानाची मोठी झाली. तिला एका ट्रकच्या काट्यापुढं आरोपी करून बसवलं, आणि पंच म्हणून मला बसवलं. असली येळ वैऱ्यावर बी येऊ नये.

आधी काट्याचं सांगतो, म्हणजे पुढचं कळंल.

नागोजीच्या बापाचे बोरगावात माग हुते. बापानं माग मोडीत काढले, एक दहाचाकी ट्रक घेतला, तो पोराच्या हातात दिला आणि देवाघरी गेला. नागोजी कष्टाळू. दारू न्हाय, पत्ते न्हाय, कुणाच्या अध्यात न्हाय न् मध्यात न्हाय. एकच वाईट, तोंडातनं शब्द फुटायचा न्हाय. आई म्हणंल ती पूर्व दिशा. लग्नाच्या आधी एकदा तवंदी घाट चढताना त्याच्या गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा, जळाला. गाडी भरलेली, धूर तापून लाल झालेला, आणि ह्याला पत्ताच न्हाय. ट्रक पेटता पेटता राहिला. तवापास्नं गड्याच्या मनात जी धास्ती बसली ती बसलीच. माझ्याकडं आला न् म्हणाला, "अण्णा, इंजिनातनं धूर किती तापून येतोय ते कळाय पायजे बघा."

मी काटा बसवला. टर्बोच्या तोंडाशी सळईएवढा सेन्सर, तिथनं दोन बारीक वायरी, आणि केबिनमधी स्टेअरिंगजवळ एक गोल मीटर. हिरवा पट्टा, पिवळा, लाल. काटा लालात गेला की गाडी बाजूला घ्यायची आणि धूर निवू द्यायचा. साधं काम. काटा झकास चालला. मग नागोजीचं लगीन झालं, मनिषा घरात आली, आणि काटा बिघडला.

मी हे असं का सांगतोय? बोरगावात समदी असंच सांगायची म्हणून.

गाडी नुसती उभी असायची, इंजिन चालू, आणि काटा फाडकन लालात! डोळ्याचं पातं लवतंय तवर खाली शून्यावर. परत वर. नागोजी घाटात गाडी बाजूला लावायचा आणि टायरजवळ उकिडवा बसायचा, धूर निवायची वाट बघत. धूर तापलाच न्हाय तर निवणार काय, माती? माल उशिरा पोचायचा, व्यापारी शिव्या घालायचे. बरं, काट्याकडं काणाडोळा करून गाडी हाणावी तर मनात परत टर्बो जळायचा. पुढं जायची चोरी आणि थांबायची बी चोरी.

मी सेन्सर बदलला. मीटर बदललं. दोन्ही वायरी नव्या ओढल्या. गाडीचं पुढचं झाकण किती वेळा उघडलं असंल त्याला गणती न्हाय. झाकणाच्या आत नागोजीच्या आईनं, सोनाआक्कानं, लिंबू-मिरची बांधलेली असायची. तिला धक्का लागू नये म्हणून मी अंग चोरून आत हात घालायचो. सगळं करून काटा काही दिवस गप बसायचा, की परत नागोजी दुकानाच्या दारात, तोंड एवढंसं करून उभा.

"हे बघ," मी त्याला सांगायचो, "लोखंड एवढ्या चटकन तापत न्हाय, आणि तापलं तर एवढ्या चटकन निवत न्हाय. भाकरीचा तवा तरी निवतो का असा? हे वायरिंगचं दुखणं हाय, धुराचं न्हाय."

नागोजी मान हलवायचा. घरी जाऊन आईला सांगायचा. आणि आई म्हणायची, "वायरिंगचं न्हाय रं लेकरा, पायगुणाचं हाय."

आता सोनाआक्काचं एक सांगतो. बाई वाईट न्हाय. एकुलता एक पोरगा, तो बी रोज रस्त्यावर. पोरगा घाटात हाय म्हटलं की तिच्या घशाखाली घास उतरायचा न्हाय. भ्यालेलं माणूस कुणावर तरी खापर फोडतं, तिनं सुनेवर फोडलं. पांढऱ्या पायाची म्हणाली. एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली, मग गल्लीनं उचललं.

माझ्या बायकोचं माहेर त्याच गल्लीत, म्हणून मला सगळं कळायचं. गाडी दारातनं निघायची झाली की मनिषानं मागच्या खोलीत जाऊन बसायचं. गाडीला आडवं जायचं न्हाय. नवऱ्याला "कवा येणार?" इचारायचं न्हाय. गाडीतला डबा सासूनं भरायचा, तिनं हात लावायचा न्हाय. मागच्या खोलीला एकच खिडकी, ती बी शेजाऱ्याच्या भिंतीवर उघडणारी. ज्या पोरीनं माहेरात एका येळी दोन-दोन माग संभाळले, ती पोर तिथं भिंतीकडं तोंड करून बसायची आणि गाडीचा आवाज लांब जायची वाट बघायची. आवाज गेला की बाहेर यायचं, भांडी घासायची. माझी बायको म्हणायची, "अवो, पोरगी बोलायचीच थांबलीया. काय इचारलं तर हसती नुसती." मी म्हणायचो, "मी काटा सरळ करतो, मग बघ कशी बोलती." एवढी घमेंड मला.

मग त्या दिवशी सकाळी नागोजी गाडी घेऊन दुकानापुढं उभा. साखरेची पोती भरलेली, माल बेळगावला जायचा. आदल्या दिवशीच अमावस्या झालती. मी वर बघतो तर केबिनमधी मधल्या जागी मनिषा! इंजिनाच्या उबाऱ्यावर, गुडघे पोटाशी घेऊन, पदर डोक्यावरनं घट्ट. मागच्या फळीवर कापडाची एक फुगलेली पिशवी.

मला बरं वाटलं. म्हटलं, "अरे वा! जोडीनं? सासुरवाडीला निघालासा व्हय?"

नागोजी खाली उतरला. माझा दंड धरून बाजूला घेऊन गेला.

"अण्णा, आईनं सांगितलंय. हिला बसवून घाट चढायचा. काटा जाग्याव राहिला तर हिला माघारी आणायची. काटा उडाला तर..."

"तर काय? फुटंल की तोंडातनं?"

"तर शहापूरला सोडून यायचं. कायमचं. पिशवी आईनंच भरून दिलीया."

माझं टकुरं तापलं. "नागोज्या! काटा माझ्या मीटरमधला हाय का कुणा देवळातला कौल हाय रं? बायकोची परीक्षा वायरीवर घेतोस? लाज न्हाय वाटत?"

"तुम्ही पण चला," तो म्हणाला. "आई म्हणली, मष्णू संगं असू दे. उद्या कुणी म्हणायला नगो, खोटं सांगितलं म्हणून."

मला पंच नेमलं हुतं, बघा. मी लई शिव्या दिल्या. नागोजीला दिल्या, आक्काला दिल्या, काटा शोधून काढणाऱ्याला दिल्या. पण मनात म्हटलं, मी न्हाय गेलो तर ही पोर एकटी त्या काट्यापुढं बसणार. दुकान शेजाऱ्यावर टाकलं, हत्यारांची पिशवी घेतली न् चढलो केबिनमधी. मनिषा माझ्याकडं बघून हसली. बायको म्हणायची तसलंच, नुसतं.

आम्ही तिघं. एका अंगाला स्टेअरिंगला चिकटलेला नागोजी, एका अंगाला दाराला चिकटलेला मी, मधी ती. खालनं इंजिन भाजतंय. तिला इकडं सरकायची सोय न्हाय, तिकडं सरकायची सोय न्हाय. उन्हाचं दिवस. तिघांच्या पुढं तो गोल मीटर, आणि काटा हिरव्यात शांत. मला वाटलं, राहतोय वाटतं गपगुमान. राहू दे रं बाबा, एवढा घाट काढ.

घाट लागला आणि गाड्या थटल्या. रस्त्याचं काम चालू, एकच बाजू मोकळी. पुढं ट्रक, मागं ट्रक, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला सिमेंटचे ठोकळे. माघारी वळायचं म्हटलं तर सायकल वळायची न्हाय. एक पोलीस "मुंद होग्री, मुंद!" करत हात हलवत हुता. पुढं चला म्हणे. पुढं कुठं, ह्याच्या डोक्यावर?

तेवढ्यात एक मोटारवाला मधी घुसला. नागोजीनं हॉर्न दाबला. आणि काटा उडाला.

फाडकन लालात. खाली. परत लालात.

नागोजीचा हात हॉर्नवरच राहिला. "गेला अण्णा," तो म्हणाला. "गेला."

मी मनिषाकडं बघितलं. मला वाटलं, आता रडंल. ती रडली न्हाय. एकदा मान वळवून मागच्या पिशवीकडं बघितलं, आणि परत पुढं बघाय लागली. नशीब चांगलं म्हणून माझ्या जागी तिचा बाप न्हवता, न्हायतर त्यानं त्या मीटरवर पाना घातला असता.

"थांब," मी नागोजीला म्हटलं. "निवाडा एवढ्यात न्हाय. पोरी, तू उतर खाली. त्या डोंगराच्या कडंला जाऊन उभी रहा."

मी दार उघडून खाली उतरलो, ती उतरली, मी परत वर चढलो. ती लांब जाऊन उभी राहिली, पदराचा शेव तोंडावर धरून, धुरळ्यामुळं. इंजिन चालू. जरा काटा शांत. मग पुढची गाडी हलली, नागोजीनं हॉर्न दिला, आणि काटा परत लालात!

मी हाताचा तळवा आपटला. "बघ! बघ की डोळं फाडून! कुठाय तुझी बायको? ती तिकडं, काटा हिकडं! आता?"

नागोजीनं बाहेर तिच्याकडं बघितलं. मग हळू म्हणाला, "पण मगाशी बसलीती न्हवं अण्णा. बसून गेलीया की."

आई शप्पथ सांगतो, मी दोन्ही हात जोडले त्याला. बसली तरी तीच, उतरली तरी तीच, घरात कोंडून घातली तरी तीच. ह्यातनं ती सुटणार कुठनं? दार ठेवलंच न्हवतं कुणी. नागोजीवर हात उचलावा वाटला मला, पण त्याच्या डोळ्यांत पाणी हुतं. त्याला बायको नगो हुती असं न्हाय. त्याला भ्या वाटत हुतं, आणि भ्यायच्या बाबतीत तो आईचाच लेक.

तेवढ्यात खालनं आवाज आला. "अण्णा, त्यास्नी परत हॉर्न दाबाय सांगा की."

मनिषा दारापाशी येऊन उभी हुती. माझी बायको म्हणायची बोलायची थांबलीया, ती.

"कशाला गं?"

"दाबाय सांगा तर."

नागोजीनं दाबला. काटा उडाला.

"सोडा आता."

काटा खाली.

"आता पुढचं लाइट लावा."

दिवसाढवळ्या लाइट लावले. काटा परत लालात. बंद केले, खाली.

ती म्हणाली, "मी मगाधरनं बघतीया. तुम्ही दोघं काटा बघत हुतासा, मी ह्यांचा हात बघत हुते. हॉर्न वाजला की काटा उडतोय. आमच्यात माग थांबला की नवीन माणूस धागा बघतंय, तुटला का म्हणून. धागा तुटलेला नसतो. भलत्याच ठिकाणी कचरा अडकलेला असतो. हॉर्न मी वाजवत न्हाय अण्णा."

शेवटचं वाक्य तिनं नागोजीकडं बघून म्हटलं.

मी कपाळावर हात मारून घेतला. अरे, अर्थिंग! हॉर्न, लाइट आणि ह्यो मीटर, तिघांची अर्थिंगची वायर एकाच बोल्टाला बांधलेली, पुढच्या झाकणाच्या आत. तो बोल्ट खराब झाला की हॉर्नचा करंट मीटरमधी लुडबुड करणार आणि काटा नाचणार. धुराचा संबंध काय, बायकोचा संबंध काय! पोरंसोरं सांगतील असली गोष्ट. आणि मी सगळी गाडी पालथी घातलेली, तेवढा एक बोल्ट सोडून. का सोडला? ते आम्ही खाली उतरून पुढचं झाकण उघडल्यावर कळलं.

बोल्टावर लिंबू हुतं.

आक्का आधी लिंबू-मिरची बंपरला बाहेर बांधायची, दोऱ्यानं. लगीन झाल्यावर सुनेच्या नजरेपास्नं खास बंदोबस्त म्हणून आत बांधाय लागली, इंजिनाजवळ. दोरा तुटतो म्हणून तांब्याच्या तारेत लिंबू ओवायची, आणि तार बांधायला हाताशी येणारा तोच बोल्ट. दर अमावस्येला जुनं काढायचं, नवं बांधायचं. ताज्या लिंबाचा रस तारेवरनं बोल्टावर. लिंबू सुकलं की काटा जरा गप, परत अमावस्या, परत रस. मनिषा आली आणि काटा बिघडला हे खरंच हुतं की वो! मनिषा आली म्हणून लिंबू आत आलं, लिंबू आत आलं म्हणून काटा उडाला, काटा उडाला म्हणून आणखी एक लिंबू. आणि तांब्याची तार कुणाची? माझ्याच दुकानातली. आक्का मागायची, "मष्णू, जरा तुकडा दे रं," आणि मी द्यायचो.

"काढा की अण्णा," नागोजी म्हणाला आणि दोन पावलं मागं सरकला.

मी पक्कड घेतली. हात पुढं केला. हात जाईना.

हसू नगासा. तुम्ही तरी घातला असता का हात? अमावस्येचं लिंबू, आईनं पोरावरनं उतरून बांधलेलं. असल्याला कोण शिवतंय? मी आरटीओच्या सायबासंगं भांडलोय, चालू बॅटरीत हात घातलाय. पण इतक्या वेळा ते झाकण उघडलं, लिंबू डोळ्यांनी बघितलं, आणि दर खेपेला त्याला पाय लागल्यागत नमस्कार करून बाजूनं काम केलं. आता कळतंय की सगळा घोळ तिथंच हाय, तरी हात पुढं जाईना. मागं गाड्यांचे हॉर्न, पोलीस बोंबलतोय, आणि आम्ही दोन बाप्ये एका लिंबापुढं उभे.

"सरका अण्णा," मनिषा म्हणाली.

"पोरी, नगो. अमावस्या कालच झालीया."

"सरका. माझं आणि काय व्हायचं राहिलंय?"

तिनं हात घातला, तारंसकट लिंबू उपटलं आणि रस्त्याच्या कडंला फेकून दिलं. मिरच्या तिच्या बोटाला चिकटल्यात्या, त्या पदराला पुसल्या. बोल्ट हिरवागार, देवघरातल्या न घासलेल्या तांब्यागत. मी पॉलिश पेपरनं घासला, वायरींची टोकं घासली, पाना लावून आवळला. नागोजीला केबिनमधी चढवलं, मी दारात उभा. "हॉर्न!" मी वरडलो. काटा हलला न्हाय. "लाइट! वायपर! सगळं चालू कर!" काटा हिरव्यात, जाग्याला खिळल्यागत.

नागोजी स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडाय लागला. मी त्याला शिवी हासडली आणि म्हटलं, "चल, रस्ता सुटला."

घाट चढलो. भरल्या गाडीला जसा चढावा तसाच काटा चढला, हळूहळू, पिवळ्याच्या काठापर्यंत, आणि माथ्यावर आल्यावर तसाच हळूहळू उतरला. मी मनिषाला म्हटलं, "सुटलीस पोरी!" तिनं पहिल्यांदा नीट तोंड वर केलं. केबिन तेवढंच, उबारा तेवढाच, पण ती जरा सैल बसली. नागोजी तिला म्हणाला, "सांच्याला परत जाऊ. वाटंत संकेश्वरात जेवू." ती म्हणाली, "चालतंय." तेवढाच एक शब्द, पण त्यात लई काही हुतं.

नागोजीनं माथ्यावर गाडी बाजूला घेतली आणि आनंदाच्या भरात आईला फोन लावला. स्पीकर चालू. भडाभडा सगळं सांगितलं. आयुष्यात एवढं सलग बोलला नसंल. "आई, हिचं काय न्हाय! लिंबाचा रस बोल्टाला लागला हुता. लिंबू काढलं, काटा सरळ!"

मग आक्का म्हणाली, "आणि लिंबू बांधाय कुणामुळं लागलं?"

नागोजीनं फोन दुसऱ्या हातात घेतला.

"काढलं कुणी?"

"हिनं."

"हिनं? अमावस्येचं? पोरावरनं उतरलेलं लिंबू हातानं काढून टाकलं?" आक्काचा आवाज कापत हुता. खोटं न्हाय सांगत, ती खरंच भ्यालीती. "नागोजी, तिला आता उंबऱ्याच्या आत आणू नगो. माझ्या गळ्याची आण हाय तुला."

मी फोनवर झडप घालणार हुतो. मनिषानं माझ्या हातावर हात ठेवला. ती नागोजीकडं बघत हुती. मीटरकडं न्हाय, फोनकडं न्हाय, नागोजीच्या तोंडाकडं. मी बी बघाय लागलो. त्याला फक्त एक वाक्य म्हणायचं हुतं. "आई, गप बस." न्हायतर "आई, मी तिला घिऊन येतोय." न्हायतर नुसतं "न्हाय." गड्याचं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"व्हय आई," तो म्हणाला. आणि फोन ठेवला.

संकेश्वरात आम्ही जेवलो न्हाय. थांबलोच न्हाय. वाटभर नागोजी आपला एकटाच बोलत हुता. आईला हळूहळू समजावू, थोडं दिवस जाऊ दे, आण काय एवढी मनावर घ्यायची नसती, आईचं वय झालंय. मनिषा समोरचा रस्ता बघत हुती. काटा आपला हिरव्यात.

बेळगाव आलं. नागोजी म्हणाला, "आधी माल उतरवू, मग बघू." मनिषा म्हणाली, "मला शहापूरच्या फाट्याला सोडा."

"अगं पण काटा सरळ झालाय की! आता कुठं काय राहिलंय?"

तिनं मागची पिशवी वडून मांडीवर घेतली. म्हणाली, "काटा बिचारा लोखंडाचा. तो माझ्या बाजूनं बोलला. तुम्ही न्हाय बोललासा." पिशवीचे बंद आवळत म्हणाली, "आणि लिंबू घावलंच नसतं तर वो?"

नागोजीनं फाट्याला गाडी बाजूला घेतली. मी दार उघडून खाली उतरलो, तिला उतरायला जागा दिली. ती माझ्या पाया पडली, म्हणाली, "अण्णा, वैनीस्नी सांगा, शहापूरला आल्या तर घरी या म्हणावं." आणि पिशवी घेऊन चालाय लागली. चाल झपझप, माग चालवणाऱ्या बाईची. मागं वळून बघितलं न्हाय.

त्याला आता बरंच दिवस झालं. मधी मी एका कामाला बेळगावला गेलतो, तवा बायकोला घेऊन तिच्याकडं जाऊन आलो. भावाच्या मागावर बसती. खडखडाटात मोठ्यानं बोलायला लागतं, ती मोठ्यानं बोलत हुती. आम्हाला बघून माग बंद केला, च्या केला, माझ्या बायकोला नवीन साडीचा काठ दाखवला. भावजय चांगली हाय म्हणाली. मग निघताना मला इचारलं, "काटा कसा हाय अण्णा?"

"गप हाय," मी म्हटलं. "तवापास्नं एकदा बी उडाला न्हाय."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि माग चालू केला.

काल नागोजी दुकानावर आलता. आल्या आल्या म्हणाला, "अण्णा, काटा परत उडतोय वाटतं, जरा बघा." मी झाकण उघडलं. आत लिंबू न्हवतं. आक्का आता परत बाहेर बांधती, बंपरला, दोऱ्यानं. बोल्ट लखलखीत. हॉर्न दाबला, लाइट लावले, वायपर फिरवला. काटा जाग्यावर.

"उडत न्हाय की रं."

"न्हाय?"

"न्हाय."

तो केबिनमधनं खाली उतरला न्हाय. मग म्हणाला, "तुम्ही शहापूरला गेलता म्हणं."

"गेलतो."

"काय म्हणली? काय इचारलं तिनं?"

"काटा इचारला."

"आणि?"

"आणि काय न्हाय."

मला वाटलं, आता तरी गाडी बेळगावच्या अंगाला वळवंल. रस्ता समोर हुता, गाडी रिकामी हुती, आडवणारं कुणी न्हवतं. म्हटलं तसं, तोंडावर म्हटलं. "जा की लेका! जाऊन सांग, चुकलो म्हणून. दोन शब्द तर हायत." तो "आई..." म्हणाला आणि तिथंच थांबला. मीटरकडं बघत बसला, हात स्टेअरिंगवर, इंजिन चालू.

मी म्हटलं, "नागोज्या, इंजिन तरी बंद कर. डिझेल जळतंय."

त्यानं केलं न्हाय.